मोनालीच्या तीन ओळी

“बाई, हिनं आजबी काय लिवलं न्हाई,” सूरज यमगर मोनालीची वही माझ्यासमोर नाचवत म्हणाला. “नुसती तारीखच हाय.”

“तारीख मीच घातलीय. ती वही जाग्यावर ठेव आणि स्वतःची आण.”

मोनाली हेगडे दुसरीत होती. रोज सकाळी मी तिच्या वहीवर तारीख घालायची आणि अर्ध्या तासानं ती तारीख तशीच एकटी माझ्याकडे परत यायची. त्या दिवशीची अशी बाविसावी तारीख होती. मुलगी मुकी नव्हती. शाळेच्या कुंपणाबाहेर शेळ्यांशी गप्पा मारताना पोरांनी तिला ऐकलं होतं. माणसांशी मात्र ती बोलत नसे. पहिलीच्या अख्ख्या वर्षात हजेरीलासुद्धा तिनं नुसता हात वर केला होता, आणि मीही तो हात बघून ‘हजर’ लिहायला सरावले होते.

तांबडखडी हे आटपाडीच्या बाजूचं गाव. दोन खोल्या, दोन शिक्षक. तिसरी-चौथी बाबर गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी तेव्हा तिशीत होते आणि बदली होऊन नुकतं दुसरं वर्ष लागलं होतं. आज या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा माझ्या अंगात भलताच उत्साह होता. दुसरीच्या मुलांनी रोज लिहिलं पाहिजे, आणि पुस्तकातलं नाही तर स्वतःचं लिहिलं पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. म्हणून प्रार्थना झाली की पहिला अर्धा तास ‘कालची वही’. काल काय झालं ते लिहायचं, जमेल तेवढं. चुकलं तर मी लाल पेन लावणार नाही. जे लिहिलंय ते वाचून त्याखाली मी एक ओळ उत्तर लिहीन.

पहिले दोन आठवडे मोनाली सोडून बावीसच्या बावीस मुलांनी सकाळी उठून दात घासले, अंघोळ केली आणि शाळेत आली. शेवटी मी वर्गात जाहीर केलं की उद्यापासून वहीत दात घासायला बंदी आहे. मग हळूहळू खरा काल यायला लागला. ‘आमची म्हस डब्यात तोंड घालून आडकली.’ ‘आजीनं काकीला फुकनी फेकून मारली. लागली नाही.’ सूरजनं तर एकदा लिहिलं, ‘तात्या म्हनतो गोड बंद केलं. पन कोठीतला गूळ तात्याच खातो.’ हे तात्या म्हणजे त्याचे आजोबा पोपटराव यमगर. ग्रामपंचायतीचे सदस्य, आमच्या ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्ष, आणि मधुमेहाचे रुग्ण. मी त्याखाली लिहिलं, ‘तात्यांची काळजी घे.’ आणि आठवडाभर घरी जाताना एसटीत एकटीच हसले.

बाबर गुरुजींना हे पसंत नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला सज्जन माणूस. “बाई, शुद्धलेखन द्या पुस्तकातलं,” ते म्हणायचे. “पुस्तकातल्या माणसांना राग येत नाही. ही सगळी जिवंत आहेत.”

“लहान मुलांच्या चार ओळींवर कोण रागावतंय, गुरुजी?”

“बघा हां,” एवढंच म्हणून ते तिसरीकडे वळायचे.

तेविसाव्या दिवशी मोनालीच्या तारखेखाली एक ओळ आली. ‘आबा टाकीवर बसून भाकर खातो.’

मी ती वही घेऊन खिडकीशी गेले. अक्षर आडवंतिडवं होतं, पण होतं. तिचा बाप मायाप्पा हेगडे गावचा वॉलमन होता. टेकाडावरच्या टाकीतून दर तिसऱ्या दिवशी पाणी सुटायचं, आणि लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो आळीआळीचे वॉल उघडत-बंद करत फिरायचा. मी खाली लिहिलं, ‘भाकरीबरोबर काय खातात?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘ठेचा.’

त्यानंतर रोज एक ओळ. सगळ्या ओळी आबाच्या. ‘आबाच्या पायात खिळा गेला. आबानं सांगितलं नाही.’ ‘आबा चावी फिरवताना डोळे मिटतो.’ बोलायची अजूनही नाही. पण वही द्यायला आली की वही माझ्या हातात पोचेपर्यंत सोडायची नाही, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी घरी नवऱ्याला सांगितलं, नणंदेला फोन करून सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूनं, एक चौकोन काळा रंगवलेला होता. त्याला आम्ही बोलका फळा म्हणायचो. दर शनिवारी शाळा सुटली की आठवड्यातलं एक लिखाण मी त्यावर मोठ्या अक्षरात उतरवायची, खाली मुलाचं नाव. हातपंपावर येणाऱ्या बाया थांबून वाचायच्या, ज्यांना वाचता येत नसे त्या सुनांकडून वाचून घ्यायच्या. पोरांत त्यासाठी भांडणं व्हायची. “बाई माजं लावा, बाई माजं.” मी मुद्दाम विचारायची, “लावू ना रे? घरी चालेल ना?” आणि पोरं आधीच माना डोलावत असायची.

अशाच एका शनिवारी मोनालीनं तीन ओळी लिहिल्या. एकदम तीन. तिन्हींच्या शेवटी पूर्णविराम. मी शाळा सुटायची वाटच बघत होते. खडू घेतला आणि झोकदार अक्षरात उतरवून काढल्या.

‘काल आबानं मला पानी सोडायला नेलं. खालच्या आळीची चावी लवकर बंद केली. मग तात्याच्या घरी पानी जोरात आलं. – मोनाली हेगडे, इयत्ता दुसरी.’

हात झटकून मी साडेबाराची एसटी पकडली.

सोमवारी गावात शिरले तर फळ्यासमोर पंधरा-वीस बाया, बहुतेकींच्या कमरेला रिकाम्या घागरी. पुढे हौसाबाई. खालच्या आळीतल्या, साठीच्या, आवाज असा की वर्गातली मुलं आपोआप गप्प व्हायची.

“बाई, हे खरं हाय का?” त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

तेव्हा मी त्या तीन ओळी पहिल्यांदा वाचल्या. म्हणजे डोळ्यांखालून शनिवारीच गेल्या होत्या, पण शनिवारी मी ओळी मोजल्या होत्या, पूर्णविराम बघितले होते. 

“लहान मुलगी आहे हो ती,” मी म्हणाले.

“ल्हान हाय म्हनूनच इचारतीया. मोठी असती तर खोटं लिवलं असतं. पंधरा दिस झालं, आमच्या नळाला हंडा भरंस्तवर पानी जातंय. आन् हा मायाप्पा म्हनतोय टाकीतच कमी हाय.”

माझ्या मागून बाबर गुरुजी आले. त्यांनी ओलं फडकं आणलं आणि फळा पुसला. पुसून काय उपयोग होता? सगळ्यांचं पाठ झालं होतं.

दुपारपर्यंत उरलेलं कळलं. पोपटरावांच्या घरी धाकट्या नातवाचं जावळ होतं, दोनशे माणसांचं जेवण. त्यांनी मायाप्पाला सांगितलं होतं, जावळ होईपर्यंत वर जरा जास्त सोड. खालच्या आळीच्या बाया ग्रामपंचायतीवर गेल्या. मायाप्पाला काढा म्हणाल्या. पोपटरावही तेच म्हणाले, फक्त जरा जास्त मोठ्यानं. आपण काही सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मायाप्पाकडून चावी काढून घेतली आणि गुरुवारी ग्रामसभेत निकाल लावायचा ठरला. त्याच दिवशी चार वाजता शिक्षण समितीची बैठक. विषय एकच होता, दुसरीचं ‘नको ते’ लिखाण बंद करणे.

मंगळवारी मोनाली शाळेत आली. तारखेखाली काही नव्हतं. बुधवारीही नव्हतं. वही तिनं स्वतः आणून दिली नाही, सूरजनंच आणली, आणि या वेळी तोही काही बोलला नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी एसटी सोडून दिली आणि मोनालीची वही घेऊन हेगड्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं होतं. मायाप्पा दारात बसून दोर वळत होता. मला बघून उठला आणि आतून पोतं आणून टाकलं. मोनाली दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आत तिची आई चुलीपुढे होती. ती बाहेर आली नाही.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “मी ते फळ्यावर लावायला नको होतं. तुमच्या पोटावर पाय आला माझ्यामुळं. मला माफ करा.”

“तुमी लिवायला शिकवलं. तिनं लिवलं,” तो दोर वळत म्हणाला. “मी तिला म्हनलो हुतो, कुनाला सांगू नगस. तिनं कुनाला सांगितलं न्हाईच.”

मला वर बघवेना. “उद्या मी ग्रामसभेत सांगते, सगळा दोष माझा आहे म्हणून.”

“तुमी काय सांगनार? चावी तुमी फिरवली का?”

 त्यानं दोर बाजूला ठेवून माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं.

“हीच का ती?”

“हो. तिच्यापाशीच असू दे. तुम्हाला ते पान नको असेल तर...”

“ह्यात आनकी काय काय हाय माजं?”

“वाचून दाखवू?”

“नगं,” तो जरा चटकन म्हणाला. “तुमी नगं.”

वही त्यानं घेतली आणि मांडीखाली ठेवली. चूल चांगली पेटलेली होती. वही आता तिथंच जाणार, असं माझ्या मनानं घेतलं, आणि मला ते अडवायचा काही हक्क नव्हता. परत जाताना चौकटीशी उभ्या असलेल्या मोनालीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती मागं सरकली.

गुरुवारी ग्रामसभा आणि समिती दोन्ही आमच्याच वर्गात झाल्या, कारण गावात तेवढ्या माणसांना बसायला दुसरी जागा नव्हती. माणसं पोरांच्या बसकणांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पोपटराव माझ्या खुर्चीवर. आधी शाळेचं उरकून घेऊ म्हणाले.

“बाईंचा हेतू चांगला आसंल,” त्यांनी सुरुवात केली. “पन घरातलं भाईर यायला लागलं. कोन काय खातो, कोन कुनाला काय बोलतो. हे शिक्षान हाय का? मी म्हनतो, पाडं पाठ करून घ्या. शुद्धलेखन द्या. कालचं काल गेलं.”

“गूळबी गेला,” मागून कुणीतरी पुटपुटलं आणि बायांच्या बाजूला खसखस पिकली. वहीतला गूळ गावात कधीच पोचला होता. पोपटरावांनी नातवाकडे बघितलं. सूरज बसकण निरखत होता.

“गुरुजी, तुमचं काय म्हननं?”

बाबर गुरुजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हे हात वर करणार. “माझं म्हणणं बाईंना माहीत आहे,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. माझ्या चौथीला स्वतःचं एक वाक्य लिहा म्हटलं तर अजून माझ्या तोंडाकडे बघतात. बाईंची दुसरी लिहिते. हे मला कबूल केलं पाहिजे.” एवढं बोलून ते खाली बसले. तीस वर्षांच्या नोकरीत अध्यक्षांसमोर ते एवढं पहिल्यांदाच बोलले असावेत.

मग मी उठले. फळ्यावर लावण्यात माझी चूक झाली, यापुढे फळा बंद ठेवते, पण वही बंद करू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. निम्म्यावर आले तोच दारातून मायाप्पा आत आला. मोनाली त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. त्याच्या काखेत ती वही होती. ती शाबूत बघून मला रडायलाच आलं.

“माजं नंतर हाय ते ठावं हाय,” तो म्हणाला. “पन मला आत्ताच बोलायचंय.”

“तुजा इषय वेगळा हाय, मायाप्पा,” पोपटराव म्हणाले.

“एकच हाय, तात्या.” तो उभाच राहिला. “चावी मी लवकर बंद केली. दोन हप्तं केली. तात्यांनी सांगितलं हुतं, पन हात माजा हुता. मला न्हाई म्हनता आलं न्हाई. खालच्या आळीला मी खोटं बोललो. ह्यासाठी काढायचं तर काढा.”

 पोपटरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

“आता वहीचं,” मायाप्पा म्हणाला, आणि इथं त्याचा आवाज बदलला. “मला वाचाया येत न्हाई. काल सांजच्याला मी पोरीला म्हनलो, वाच. मला वाटलं न्हाई वाचायची. ही सात वर्साची झाली, माझ्यासंगं सात बोल बोलली नसंल. मला वाटायचं, हिला मी दिसतच न्हाई. दोन थोरली पोरं हायती, ती बोलत्यात, मागत्यात. ही कोपऱ्यात.” त्यानं वही उघडली. ती उलटी धरली होती, पण तसं कुणी सांगितलं नाही. “हिनं वाचली. समदी वाचली. एकबी पान माझ्याबिगर न्हाई. पायात खिळा गेला ते मी बायकूलाबी सांगितलं नव्हतं, ते हाय. मी चावी फिरवताना डोळं मिटतो म्हनं. माझं मलाच ठावं नव्हतं.”

त्यानं वही मिटून परत काखेत घातली. 

“माझ्या पोरीचा आवाज मी काल ऐकला. माझं काम जाऊ दे, न्हाईतर राहू दे. वही बंद करू नका.”

पहिल्यांदा बोलल्या त्या हौसाबाई. पदर सावरत उठल्या. “ह्याला काढायचं म्हनून मीच वरडत हुते,” त्या म्हणाल्या. “पन इचार करा बायांनो. ह्याला काढला आन् दुसरा आनला, तर त्या दुसऱ्याची पोरगी लिवनारी आसंल का?”

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळा वर्ग. मायाप्पासुद्धा तोंड फिरवून हसला. पोपटराव हसले नाहीत, पण त्यांनी टोपी परत घातली आणि खाली बघत म्हणाले, “मीच सांगितलं हुतं त्याला. जावळ हुतं घरात. इथनं म्होरं न्हाई.” त्या माणसाला एवढं म्हणायला किती लागलं असेल याची मला आज जास्त कल्पना येते. जाताना माझ्याजवळ थांबून त्यांनी हळूच विचारलं, “सूरजनं आनकी काय लिवलंय?”

“ते त्यालाच विचारा, तात्या,” मी म्हणाले.

चावी मायाप्पाला परत मिळाली. वही राहिली. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, आपण सुटलो. खिडकीशी बसून मी चक्क गाणं गुणगुणत होते.

शुक्रवारी पहिला अर्धा तास. मी सगळ्यांच्या वह्यांवर तारखा घातल्या. मोनालीची वही बापाकडून परत आली होती, कोपऱ्याला तेलकट अंगठा उमटलेला. वर्गात पेन्सिली चालत होत्या, सूरज जीभ बाहेर काढून लिहीत होता. मोनालीनं खूप वेळ लावला. मग उठली आणि स्वतः वही घेऊन आली. मी घेतली, पण तिनं नेहमीसारखी माझ्या तोंडाकडे नजर लावली नाही. ती जमिनीकडे बघत होती.

तीन ओळी होत्या.

‘परवा बाई आमच्या घरी आल्या. बाईंनी आबाची माफी मागितली. माझी मागितली नाही.’

मी पुन्हा वाचलं. या वेळी ओळी मोजल्या नाहीत. बाकी सगळ्या पोरांना मी विचारत होते, लावू ना रे, चालेल ना. हिला विचारलं नव्हतं. ती बोलत नाही, मग विचारायचं काय, असं मला वाटलंसुद्धा नव्हतं, इतकं ते मी गृहीत धरलं होतं. तिनं बापाला दिलेला शब्द पाळला होता. जे कुणाला सांगितलं नाही ते एका माणसाला वाचायला दिलं होतं, आणि त्या माणसानं ते भिंतीवर लिहून एसटी पकडली होती. घरी गेले तेव्हाही मी तिच्या डोक्यावरून बापाशी बोलले. इतकी शरम मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

मी पेन उघडलं. एका ओळीत मावेना, म्हणून दोन लिहिल्या. ‘मोनाली, तुझं लिखाण तुला न विचारता मी लावलं. माझी चूक झाली, मला माफ कर.’

वही तिच्या हातात दिली. ती तिथंच उभी राहून वाचायला लागली, एकेका शब्दाखाली बोट सरकवत. ‘लिखाण’पाशी अडली, मागं गेली, पुन्हा आली. मी खुर्चीत बसून वाट बघत होते. तपासनीस आले तेव्हाही एवढी बघितली नव्हती. तिचं बोट शेवटच्या शब्दावर पोचलं आणि तिथंच थोडा वेळ राहिलं.

मग तिनं वही मिटली आणि वर बघितलं.

“बरं,” ती म्हणाली.

सूरजनं पेन्सिल खाली ठेवली. मोनाली जाऊन जाग्यावर बसली. तिचा आवाज मी सव्वा वर्षात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या मनात होता त्यापेक्षा तो चांगलाच भरदार होता.